रोडग्यासोबत ताटात काय हवंच? वरण, वांगं की हंडी. वऱ्हाडी पंगतीचं गणित समजून घ्या

थंडी पडली, तुरीच्या शेंगा भरल्या, वांगी स्वस्त झाली की अमरावती-अकोल्याकडे एक विचारणा हमखास सुरू होते : यंदा रोडगे कधी? मग कुणाच्या तरी वावरात बेत ठरतो. गवऱ्या कोण आणणार, कणिक कोण मळणार हे पटकन मिटतं. खरी चर्चा रंगते ती रोडग्यासोबत काय करायचं यावर. एकाला पातळ वरण हवं, दुसऱ्याला घट्ट. एकाला आलू-वांग्याची तर्रीदार भाजी, तर दुसऱ्याला भरीत. बहिरमच्या यात्रेला जाणारा म्हणतो, हंडीशिवाय रोडग्याला मजा नाही. आणि अलीकडे कुणीतरी हळूच पनीरचंही नाव काढतो.

रोडग्याच्या ताटात नेमकं काय हवं? ते का हवं? आणि काय नसलं तरी चालतं? सविस्तर पाहू.

रोडगे म्हणजे नेमकं काय?

रोडगा म्हणजे गव्हाच्या घट्ट कणकेचा, गवऱ्यांच्या आरावर भाजलेला गोळा. 'आर' म्हणजे जाळ विझल्यावर उरलेला निखारा. पीठ नेहमीच्या पोळीसारखं बारीक चालत नाही, रवाळ दळावं लागतं. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून कणिक घट्ट मळतात.

घडवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली सोपी : सरळ गोळा वळायचा आणि मधे किंचित दाबायचा. दुसरी खास : छोट्या गोळ्यावर तेल लावून कणकेची पारी चढवायची, त्यावर पुन्हा तेल आणि पुन्हा पारी. असे तीन-चार थर चढवलेला रोडगा भाजून फोडला की आत पापुद्रे सुटतात. वेळ जास्त लागतो, पण वरण आत मुरण्यासाठी हे थर फार कामाचे. विदर्भात 'पानगे' हा शब्दही ऐकू येतो.

हा पदार्थ जुना आहे. सोळाव्या शतकातल्या संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते, तोही सासरच्या एकेका माणसापासून सुटका व्हावी म्हणून! भारुडाचा आतला अर्थ आध्यात्मिक आहे, पण नवसाला रोडगा वाहणं तेव्हाच्या श्रोत्यांना ओळखीचं होतं, हे त्यातून कळतं. आजही वऱ्हाडात नवस फेडायचा, वावरात देवाचं करायचं किंवा गावजेवण घालायचं म्हटलं की रोडग्यांचं नाव आधी येतं.

गवऱ्याच का? लाकूड का नाही?

कारण उष्णतेचं आहे. लाकडाचा निखारा जास्त तापतो. त्यावर हा जाड गोळा ठेवला तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. गवरी सावकाश जळते, तिची राख भरपूर पडते आणि ती राख निखाऱ्यावर पांघरुणासारखी बसते. त्यामुळे आच मंद राहते आणि बराच वेळ टिकते.

गवऱ्यांचा ढीग पेटवून जाळ पूर्ण खाली बसू देतात. धूर संपला, आर लाल झाला की तो पसरून त्यावर रोडगे मांडतात, उलटतात आणि शेवटी गरम राखेत झाकून ठेवतात. रोडग्याच्या आकारानुसार पाऊण ते एक तास जातो. या वेळात दोन गोष्टी घडतात. आतल्या पिठातला स्टार्च ओलाव्यासह साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या पुढे शिजतो. बाहेरचा पापुद्रा मात्र वाळून त्याहून बराच जास्त तापतो आणि 140 अंशांच्या आसपास प्रथिनं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून तांबूस रंग व खमंग वास तयार होतो. पावाच्या कडेला, भाजलेल्या कॉफीला जो वास असतो त्यामागेही हीच प्रक्रिया आहे.

भाजलेले रोडगे गोणपाटात किंवा जाड फडक्यात घोळून राख झाडतात. मग हाताने फोडून पानात वाढतात.

मग सोबत काही तरी लागतंच असं का?

कारण भाजताना रोडग्यातलं पाणी कमी झालेलं असतं. तो कोरडा, घट्ट आणि चवीला सौम्य असतो. पोळी भाजीसोबत गुंडाळून खाता येते, रोडगा नाही. नुसता खाल्ला तर दुसऱ्याच घासाला पाणी मागावं लागतं.

म्हणून ताटातल्या प्रत्येक पदार्थाला एक काम नेमून दिलेलं असतं. ओलावा कुणी द्यायचा, स्निग्धपणा कुणी, तिखट कुणी आणि कच्चा करकरीतपणा कुणी, हे ठरलेलं. यातली चारही कामं झाली की ताट पूर्ण. एखादं काम राहून गेलं की पदार्थ दहा असले तरी जेवणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. रोडग्यासोबत काय हवं या प्रश्नाचं उत्तर याच हिशेबातून मिळतं.

पहिला मान वरणाचा का?

ओलावा देण्याचं काम वरणाचं. चुरलेला रोडगा वरण शोषून घेतो आणि दोन मिनिटांत मऊ होतो. म्हणूनच रोडग्यासोबतचं वरण भातावरच्या गोळा वरणासारखं घट्ट ठेवत नाहीत. ते वाहतं हवं, पण पाणचटही नको. हळद, मीठ, लसूण-मिरचीची फोडणी आणि वरून संबार, म्हणजे कोथिंबीर, एवढंच.

डाळ तुरीचीच का? कारण तूर इथली आहे. वऱ्हाडात कपाशी आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची ओळ पेरायची पद्धत जुनी. डिसेंबरनंतर तूर निघू लागते, तेव्हाच रोडग्यांचा हंगाम रंगात असतो. अकोला डाळ मिलसाठी ओळखलं जातं. 'पीकेव्ही तारा' हे तुरीचं वाण अकोल्याच्याच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. म्हणजे शेतात तूर, शहरात गिरणी आणि पानात वरण, अशी ही साखळी एकाच पट्ट्यात पूर्ण होते.

पोषणाच्या बाजूनेही ही जोडी पक्की आहे. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत जे कमी पडतं ते गहू भरून काढतो. दोन्ही एकत्र खाल्ले की शरीराला मिळणाऱ्या प्रथिनांचा दर्जा वाढतो.

भाजी वांग्याचीच का?

वरणाने घास मऊ होतो, पण चव सौम्यच राहते. तिखट, मसालेदार, तेलकट काहीतरी लागतं. ते काम वांग्याचं.

वांग्याचा गर स्पंजसारखा असतो. कच्च्या गरात हवेच्या पोकळ्या असतात. शिजताना त्या बसतात आणि त्यांच्या जागी तेल आणि मसाला शिरतो. म्हणून मसाला नुसता वरून लागलेला राहत नाही, फोडीच्या आतपर्यंत जातो. शंभर माणसांच्या गंजात शिजलेली वांग्याची भाजी घरच्यापेक्षा चवदार लागते, त्यामागे हे एक कारण. मोठ्या भांड्यात ती बराच वेळ गरम राहते आणि मुरत जाते.

वऱ्हाडात या भाजीचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात :

• आलू-वांगं : पंगतीतला सर्वात नेहमीचा प्रकार. आलू, म्हणजे बटाटा, भाजीला दाटपणा देतो आणि भाजी पुरवठ्यालाही येते. वर लाल तर्री हवी.

• वांगं-सोले : सोले म्हणजे तुरीचे ओले, हिरवे दाणे. डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. रोडग्यासोबत हिवाळ्यात यापेक्षा चांगली भाजी नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत.

• भरीत : तुराट्या किंवा पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं वांगं, ठेचलेली मिरची, कांद्याची पात आणि तेल. रोडगाही भाजलेला आणि भाजीही भाजलेली, असं हे ताट.

वांगं आणि रोडगा ही जोडी देवाच्या नैवेद्यातही आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात वांगं आणि कांदा-लसूण वर्ज्य करणारी अनेक घरं याच दिवशी ते पुन्हा खायला सुरुवात करतात. हिवाळ्याचं वांगं आणि भाजलेला गोळा एकाच दिवशी पानात येणं, ही सोय धर्माने आणि हंगामाने मिळून लावलेली आहे.

तूप किती आणि कशासाठी?

गरम रोडगा फोडला की पहिल्यांदा त्यावर तूप पडतं, नंतर वरण. हा क्रम महत्त्वाचा. तूप गरम पापुद्र्यांत मुरतं आणि कोरडेपणा जातो. भाजल्याचा खमंग वास देणारे बरेच घटक स्निग्ध पदार्थात चांगले विरघळतात, म्हणून तूप घातल्यावर तो वास जास्त जाणवतो. आधी वरण ओतलं तर रोडगा पाण्याने भरतो आणि तूप वर तरंगत राहतं.

आणखी एक काम तूप गुपचूप करतं. मिरचीचा तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तुपा-तेलात विरघळतं. म्हणून ठेच्याने तोंड भाजलं तर पाण्याच्या ग्लासापेक्षा तुपातला रोडगा लवकर कामाला येतो.

प्रमाणाचं भान मात्र हवं. एक मोठा चमचा तूप म्हणजे साधारण 120 कॅलरी. शंभर ग्रॅम पिठाचा एक रोडगा मोहन धरून चारशेच्या पुढे जातो. दोन रोडगे आणि तीन चमचे तूप झालं की हिशेब 1,200 कॅलरीच्या घरात पोहोचतो, वरण-भाजी अजून बाजूलाच आहे. दिवसभर वावरात राबणाऱ्यासाठी हे जेवण बेतलेलं होतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने एक रोडगा आणि जास्त वरण असा हात ठेवलेला बरा. मधुमेह असलेल्यांनीही रोडगा मोजून घ्यावा, कारण एवढासा दिसणारा गोळा पिठाच्या हिशेबात दोन-तीन पोळ्यांइतका असतो.

ठेचा, कांदा, मुळा : नुसती तोंडी लावणी?

ताटातलं सगळं मऊ झालं की जिभेला कंटाळा येतो. तुकड्यातुकड्याने करकरीत, कच्चं, आंबट काहीतरी हवं. कांदा बुक्कीने फोडलेला, मुळ्याच्या फोडी, लिंबाची फोड आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे ते काम करतात. लिंबू पिळलं की वरणाची चव उठते, कांद्याने तुपाचा जडपणा कमी वाटतो.

यातलं एकही चुलीवर चढवावं लागत नाही. म्हणजे आचाऱ्याचं काम वाढत नाही आणि ताट मात्र भरतं. शेवटी वाटीभर ताक मिळालं तर उत्तम.

बहिरमला हंडी का चालते?

अमरावती जिल्ह्याच्या चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी इथली यात्रा महिनाभराहून अधिक चालते. यात्रेकरू राहुट्या ठोकून राहतात आणि तिथेच स्वयंपाक होतो. या यात्रेची ओळख सांगताना दोन पदार्थ सोबतच सांगितले जातात : मातीच्या हंडीत शिजवलेलं मटण आणि रोडगे.

म्हणजे वांगं-वरणाचा नियम इथे मोडतो का? कामाच्या हिशेबाने पाहिलं तर नाही. हंडीतला रस्सा ओलावा देतो, त्यावरची तर्री स्निग्धपणा आणि तिखट देते. वरण, तूप आणि भाजी या तिघांचं काम एकटी हंडी करते. म्हणून हंडीच्या ताटात रोडग्याशिवाय कांदा-लिंबू एवढंच असलं तरी काही कमी वाटत नाही. उलट, सुक्या मटणासोबत रोडगा दिला तर तोच घास घशात अडकतो. रस्सा हवाच.

या भागात याच विषयाची दुसरी बाजूही आहे. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी गावोगावच्या यात्रांतून, कीर्तनांतून पशुबळीविरुद्ध लोकांना जागं केलं. त्यामुळे नवसाच्या पंगतीत रोडगे, वरण आणि वांगं हे शाकाहारी ताट इथे तितकंच मानाचं आहे. देवाचे रोडगे वांग्या-वरणासोबत आणि हौसेचे रोडगे हंडीसोबत, अशी वाटणी अनेक घरांनी करून टाकली आहे.

शेजारी काय खातात?

भाजलेला कणकेचा गोळा ही एकट्या वऱ्हाडाची मिरास नाही. गंमत अशी, की जागा बदलली तरी सोबतीचे पदार्थ फारसे बदलत नाहीत.

• खानदेश : बट्टी. बहुतेकदा आधी उकडून किंवा भाजून, मग तळून. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

• राजस्थान, माळवा : बाटी. सोबत मिश्र डाळींचं वरण, वरून तूप आणि गोडाला चुरमा.

• निमाड, झाबुआ : मक्याच्या पिठाचे, पानांमध्ये ठेवून भाजलेले पानिये आणि डाळ.

• बिहार : लिट्टी. आत सातूचं, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं, सारण. सोबत भाजलेल्या वांग्याचा, टोमॅटोचा, बटाट्याचा चोखा. डाळ इथे आतच भरलेली असते, म्हणून बाहेर वांगं पुरतं.

सगळीकडे एक डाळवर्गीय पदार्थ, बहुतेक ठिकाणी वांगं आणि सर्वत्र तूप किंवा तेल. कोरड्या गोळ्याची गरज सारखीच असल्यामुळे उत्तरंही सारखी निघाली.

थेट इंग्लंडपर्यंत गेलं तरी हिशेब फार वेगळा नाही. तिथे रविवारच्या जेवणात भाजलेलं मांस असतं. ते कोरडं पडतं म्हणून ग्रेव्ही, सौम्य लागतं म्हणून झणझणीत हॉर्सरॅडिश सॉस, पोट भरावं म्हणून भाजलेले बटाटे. सोबत पीठ, अंडी आणि दुधाचं यॉर्कशायर पुडिंग. हॅना ग्लास यांच्या 1747 च्या पाकपुस्तकात त्याची कृती सापडते. पूर्वी हे पुडिंग ग्रेव्हीसोबत मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोट थोडं भरे आणि महागडं मांस जास्त जणांना पुरे. स्वस्त पदार्थाने पोट भरायचं आणि महाग पदार्थ पुरवून वापरायचा, ही युक्ती वऱ्हाडातल्या पंगतीलाही चांगली ठाऊक आहे.

गोड काय करायचं?

वेगळं करायलाच हवं असं नाही. एक रोडगा गरम असतानाच चुरायचा, त्यात किसलेला गूळ आणि तूप घालायचं, की मलिदा तयार. लहान मुलांची पंगत यावर खूश असते. मोठ्या गावजेवणात बुंदी किंवा शिरा दिसतो. तो मानाचा भाग आहे, रोडग्याची गरज नाही. भाताचंही तसंच. वरण केलेलंच असतं, म्हणून शेवटी वाढायला भात सोयीचा पडतो.

पनीर, पुलाव, जिलेबी आली तर काय बिघडलं?

कोणाच्या आवडीला नावं ठेवायचं कारण नाही. पण इथे प्रश्न चवीपेक्षा खर्चाचा आहे.

रोडग्याच्या पंगतीचा हिशेब पाहा. 2025-26 साठी केंद्र सरकारने जाहीर केलेला तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये होता. त्याच वर्षाच्या विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव 2,425 रुपये होता. म्हणजे तूर गव्हाच्या तिपटीहून महाग. डाळ करून दुकानात आली की फरक आणखी वाढतो. म्हणून या ताटात पोट भरण्याचं काम गव्हावर टाकलं आहे. महाग डाळ वरणाच्या रूपात पातळ करून सगळ्यांना पोहोचवली आहे. आणि हंगामात स्वस्त असलेलं वांगं आलू घालून वाढवलं आहे.

पंगतीत ऐनवेळी वीस माणसं वाढली तर वरणात तांब्याभर पाणी आणि भाजीच्या गंजात चार आलू जास्त, एवढ्याने वेळ निभावून जाते. पनीरच्या तुकड्यांचं तसं नाही. ते मोजूनच वाढावे लागतात आणि मोजून वाढायला लागलं की पंगतीत पहिला आणि शेवटचा असा भेद सुरू होतो. कोरडवाहू शेतकऱ्याला नवस फेडण्यासाठी किंवा बाराव्या महिन्यात पाहुणे-शेजाऱ्यांना जेवू घालण्यासाठी कर्ज काढावं लागू नये, असं हे जेवण. त्यात लग्नाच्या हॉलमधली यादी घुसली की तेच जेवण त्याच्या आवाक्याबाहेर जातं. पुढच्या वर्षी शेजाऱ्यालाही तेवढंच करावं लागतं, आणि ज्याला जमत नाही तो रोडगे घालणंच सोडून देतो.

बदल दुसऱ्या टोकालाही आहे. मशागतीला ट्रॅक्टर आले तसे गोठ्यातले बैल कमी झाले. शेण कमी झालं, घरच्या गवऱ्या कमी झाल्या. आता अनेकांना त्या विकत घ्याव्या लागतात. एकेकाळी फुकट असलेला या ताटातला एकमेव 'मसाला', म्हणजे धुराचा वास, आता खर्चात धरावा लागतो.

शहरात, फ्लॅटमध्ये रोडगे कसे करायचे?

घरात किंवा बाल्कनीत गवऱ्या पेटवू नका. त्यांच्या धुरात सूक्ष्म कण असतात आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, तो जिवावर बेततो. मोकळं वावर किंवा मोठं अंगण असेल तरच गवऱ्या. शेजारी पऱ्हाटीचा ढीग किंवा उभं वाळलेलं पीक नको, आणि बादलीभर पाणी जवळ हवं.

घरी ओव्हन किंवा गॅस तंदूर चालतो. सहा-सात जणांसाठी अंदाज असा :

• रवाळ कणिक 1 किलो, तेल पाऊण वाटी, ओवा, मीठ. कणिक घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा.

• थरांचे गोळे करून 180 ते 200 अंशांवर 35 ते 45 मिनिटं, मधे एकदा उलटून भाजा. फोडून पाहा, आत चिकट राहिलं असेल तर आणखी दहा मिनिटं.

• तूरडाळ 300 ग्रॅम. शिजल्यावर सढळ हाताने पाणी घालून पातळ करा.

• वांगी 1 किलो, आलू अर्धा किलो. बाजारात सोले दिसले तर आलू कमी करून ते घ्या.

• मुळा, कांदा, लिंबू, ठेचा. हे टाळू नका.

धुराचा वास हवाच असेल तर वांगी गॅसवर किंवा कोळशावर भाजून भरीत करा. रोडगा ओव्हनमधला असला तरी ताटात भाजल्याचा वास येतो.

उरलेले रोडगे फेकू नका. दुसऱ्या दिवशी चुरून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतले की सकाळची न्याहारी होते.

थोडक्यात : ताटात काय हवंच?

• हवंच : पातळ वरण, वांग्याची भाजी किंवा भरीत, तूप, कच्चा कांदा, ठेचा.

• वरण-वांग्याऐवजी चालेल : रस्सेदार हंडी, सोबत कांदा-लिंबू.

• असल्यास उत्तम : मुळा, ताक, मलिदा, शेवटी भात.

• नसलं तरी बिघडत नाही : पनीर, पुलाव, जिलेबी.

नवा पदार्थ घ्यायचा की नाही हे ठरवताना एवढंच पाहा. तो रोडग्याला ओलावा, स्निग्धपणा, तिखट किंवा करकरीतपणा यांपैकी काही देतो का? आणि ऐनवेळी दारात आलेल्या माणसाला तो पुरवता येतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त वाढा.